गाळा

हॉस्पिटलच्या तळघरात घड्याळ आहे, खिडकी नाही.
वर दोह्यात जुलै, अठ्ठेचाळीस अंश,
दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी.
खाली मी स्वेटर घालून
एका माणसाच्या मांडीत गोळे मांडते आहे.

शरफुद्दीन बुरोंडकर, एकावन्न, स्टील फिक्सर.
उजव्या मांडीत सतरा सेंटिमीटरची गाठ,
सोललेल्या नारळाएवढी, हे माप त्याचंच.
दोन वर्षं ढगळ पॅन्टखाली वागवली.
घरी कळवलं नाही, कंपनीला तर नाहीच.

एवढी गाठ सरसकट जाळता येत नाही,
तिच्याआधी कातडी जाते, हाड जातं.
म्हणून तिच्या पोटात अकरा गोळे,
प्रत्येक दीड सेंटिमीटरचा,
एकापासून दुसरा मोजून लांब.
गोळ्यात पंधरा ग्रे, मधल्या दरीत जेमतेम तीन.

पहिल्यांदा हे करताना माझा हात अडला होता.
एकच धडा गिरवलेला:
डोस सारवल्यासारखा पसरावा,
कुठे पोपडा नको, कुठे कोरडं नको.
आणि आता जाणूनबुजून
शत्रूची अर्धी जमीन सोडायची?

मी त्याला समजावलं. वाईट समजावलं.
प्रतिजन म्हणाले, टी-पेशी म्हणाले,
तो मान डोलावत राहिला, सुपरवायझरपुढे डोलावतात तशी.
मग बताक्यावर आले.
गाठीकडे खोटा बताका आहे, शिक्का खऱ्यासारखा,
तुमच्याच रक्तातले शिपाई तो बघतात आणि सोडून देतात.
किरण पडतील तिथल्या पेशी फुटतील,
फुटताना स्वतःचं खरं नाव ओरडतील.
दर एकवीस दिवसांनी जी बाटली लावू
ती शिपायांना पुन्हा तपासायला लावेल.
वाक्य बरं जमलं, पुरतं खरं नव्हतं.
मी भौतिकशास्त्राची माणूस,
रक्तातलं मला सगळं ऐकीव.

तो स्क्रीनसमोर वाकला.
काचेला बोट न लावता गोळे मोजले,
आडवे, तिरके, पुन्हा तिरके.
"ह्या मधल्या जागा चुकून नाय ना ऱ्हायल्या?"
नाही, मुद्दाम.
"मग बरोबर हाय.
सळ्या चिकटून बांधल्या तर वरून मजबूत दिसतं,
पण काँक्रीट उतरणार कुठून?
खडी वरच अडकते, आत पोकळ.
लुसैलला एका फोरमनने ऐकलं नाय,
अख्खा कॉलम फोडायला लागला.
मॅडम, गाळा हा मागून येणाऱ्यासाठी असतो."

मला हे कुणी शिकवताना
इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

दार बंद झालं, आत तो एकटा.
एकोणीस मिनिटं कॅमेऱ्यात मी बघत होते.
मांडी हलली नाही.
उजव्या हाताचा अंगठा तेवढा दोनदा फिरला,
तार पिळताना फिरतो तसा.

नवव्या आठवड्याचा स्कॅन:
गाठ एक सेंटिमीटरने मोठी.
डॉक्टर इंतिसार चष्मा कपाळावर सरकवून गप्प.
मग म्हणाल्या, आपलेच लोक आत शिरले असतील,
दाटी झाली असेल, सूज असेल.
किंवा नसेल.
चित्रात दोन्ही सारखंच दिसतं.

हे त्याला सांगायचं काम माझं नव्हतं, तरी गेले.
तिसरी बाटली लागली होती, थेंब पडत होते.
त्याने ऐकून घेतलं, मांडी चाचपली,
जणू दुसऱ्या कुणाची साइट.
"क्यूब अठ्ठावीस दिवसांनी फोडून बघतात.
सातव्या दिवशीपण फोडतात एक, पण तो अंदाजाला.
तोवर गोणपाट ओलं ठेवायचं, आणखी काय."

मग फोन काढला, बुरोंडीला लावला.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाठीबद्दल बोलला,
आणि तेही सळ्यांपासून सुरुवात करून,
किती इंचांवर, कुठली तार, का मोकळं सोडलं.
खूप वेळ पलीकडून आवाज नव्हता.
मी दारापर्यंत पोचले तेव्हा ऐकू आलं,
"ते सगला ऱ्हावदे. जेवलाव काय?"